उभ्या गाडीतील झीज : ट्रेलरवरून नेलेल्या विलीस जीपच्या चाकांतील बेरिंगचे एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका कापूस उत्पादक कुटुंबाकडे साठच्या दशकातील विलीस जीप आहे. अमेरिकेत सीजे-३बी या नावाने १९५३ ते १९६८ या काळात बनलेला हा नमुना महिंद्राने भारतात त्यानंतरही बरीच वर्षे बनवला. त्यामुळे विदर्भातील जुन्या वाड्यांत, जिनिंगच्या आवारांत आणि धुऱ्यावरच्या गोठ्यांत या जीपा अजून सापडतात, आणि त्यांचे सुटे भागही मिळतात. या जीपचे काम दुरुस्तीच्या दृष्टीने पूर्ण झाले होते, परंतु नोंदणीचे नूतनीकरण अडलेले असल्याने ती रस्त्यावरून चालवत नेता येत नव्हती. पुण्यातील जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यासाठी तिला थंडीच्या दिवसांत दोन आसांच्या लोखंडी ट्रेलरवर चढवून नेण्यात आले आणि मेळावा आटोपल्यावर तशीच परत आणण्यात आली. एका बाजूचे अंतर सुमारे ६०० किलोमीटर होते.

निघण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांची बेरिंगे नवीन टाकलेली होती. गावी ट्रेलरवरून उतरवून जीप वाड्यापर्यंत चालवत नेताना पुढून बारीक गुरगुर ऐकू आली. वेग वाढला की तिचा सूर चढे, आणि उजवीकडे वळताना, म्हणजे डाव्या चाकावर भार आला की, ती स्पष्ट होई. बेरिंगे टाकणाऱ्या तालुक्याच्या मिस्त्रींनी जीप बघून मालकांना सांगितले, “काका, बेरिंग नवंच टाकलं होतं जी, तरी वाजून राहिलं.” त्यांच्या मते माल नकली होता. दुकानदाराचे म्हणणे असे की माल अस्सल आहे, बसवताना हातोड्याने ठोकला असेल. दोघांच्या म्हणण्यात तथ्य असणे शक्य होते, कारण ग्रामीण भागात नकली बेरिंग विकले जाते हे खरे आणि कप, म्हणजे बेरिंगची बाहेरची कडी, छिन्नीने ठोकून बसवले जातात हेही खरे. मालकांनी दोघांच्या वादात न पडता हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडून नीट तपासण्यास सांगितले, आणि ते काम आमच्याकडे आले.

हब उघडताना

या जीपच्या पुढच्या प्रत्येक हबमध्ये एकाच मापाची दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची) बेरिंगे असतात. आतल्या कड्याचे, ज्याला ‘कोन’ म्हणतात त्याचे, छिद्र ४१.२७५ मिलिमीटर आणि बाहेरच्या कपाचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, म्हणजे इंचांत मोजले तर अनुक्रमे १⅝ आणि २⅞. कोन स्थिर स्पिंडलवर, म्हणजे आसाच्या टोकाच्या न फिरणाऱ्या दांड्यावर, बसतो, तर कप हबमध्ये दाबून बसवलेला असतो आणि चाकाबरोबर फिरतो. या प्रकरणाचा उलगडा ज्या एका गोष्टीवर झाला ती हीच रचना होय, म्हणून ती आधी लक्षात घ्यावी.

चाक जॅकवर उचलून हाताने सावकाश फिरवले, तेव्हा डाव्या चाकात ठराविक अंतराने हलके खटके लागत होते. उजव्यात ते कमी होते. स्प्रिंगच्या पाट्यावर तळहात ठेवून चाक गरकन फिरवले असता थरथर हाताला जाणवली. चाक काढण्यापूर्वी टायरच्या व्हॉल्व्हच्या रेषेत हबच्या कडेला रंगाची खूण करून घेतली. ही खूण पुढे फार उपयोगी पडली. चाक एकदा काढून पाचपैकी भलत्याच बोल्टवर चढवले की व्हॉल्व्ह आणि कप यांचे नाते कायमचे हरवते, आणि बहुतेक गॅरेजांत पुरावा नेमका याच ठिकाणी नष्ट होतो.

हब निघाल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ग्रीसचा रंग. हबच्या पोकळीतले ग्रीस बसवताना होते तसेच स्वच्छ होते, परंतु रोलरांच्या लगतचे ग्रीस विटकरी-तांबूस झाले होते. मिस्त्रींनी साहजिकच पाणी शिरून बेरिंग गंजल्याचे निदान केले. पाणी शिरले असते तर ग्रीस सर्वत्र दुधाळ किंवा फेसाळ झाले असते, सीलच्या कडेला गंजाची रेघ आली असती, आणि सर्वांत आधी हबच्या तळाशी पाण्याचा अंश दिसला असता. यांपैकी काहीच आढळले नाही. तांबूसपणा केवळ स्पर्शाच्या जागी होता.

ग्रीस पुसून कप रॉकेलने धुतल्यावर त्याच्या धावपृष्ठावर आडव्या पट्ट्यांसारखे डाग दिसले. डागांची लांबी रोलराच्या लांबीइतकी होती आणि दोन डागांमधील अंतर शेजारच्या दोन रोलरांमधील अंतराशी जुळत होते. डाग कपाच्या संपूर्ण परिघावर नव्हते. ते दोन वेगवेगळ्या कमानींत होते, प्रत्येक कमान परिघाच्या साधारण एक तृतीयांश भागाची, मधोमध डाग ठळक आणि दोन्ही टोकांकडे फिके होत गेलेले. एक कमान खोल होती, दुसरी उथळ. उजव्या हबमध्ये दोन्ही कमानी जवळजवळ एकमेकींवर आल्या होत्या, त्यामुळे पहिल्या नजरेत तिथे एकच कमान आहे असे वाटले.

चार संशयित

नकली मालाची शक्यता प्रथम विचारात घेतली. मऊ पोलादाचे किंवा चुकीच्या उष्णोपचाराचे बेरिंग लवकर झिजते, परंतु ते सगळीकडे झिजते. कप चाकाबरोबर फिरत असल्यामुळे त्याच्या परिघावरील प्रत्येक बिंदू भाराखालून आळीपाळीने जातो, आणि चालत्या गाडीत होणारी कोणतीही झीज परिघभर सारखी वाटली जाते. परिघाचा फक्त एक भाग झिजला असेल तर तो भाग भाराखाली असताना चाक फिरत नव्हते असाच त्याचा अर्थ होतो. एवढ्या एका निरीक्षणाने निकृष्ट माल, अति घट्ट नट आणि अपुरे ग्रीस ही तिन्ही कारणे मुख्य दोषी म्हणून बाद होतात. ती सर्व चालत्या गाडीची दुखणी आहेत.

ठोकून बसवल्याचा संशय इतक्या सहज सुटत नाही, कारण हातोड्याचा घाव बसताना चाक स्थिरच असते आणि रोलरांच्या अंतराने खाचाही पडतात. स्वीडनचे अभियंते ब्रिनेल यांनी १९०० मध्ये मांडलेल्या कठीणता चाचणीत पोलादी गोळी दाबून जसा खळगा पाडतात तसाच हा प्रकार, म्हणून त्याला ब्रिनेलिंग म्हणतात. येथे भिंग कामी आले. धक्क्याने पडलेल्या खाचेत धातू केवळ दबलेला असतो, त्यामुळे कारखान्यात घासताना उमटलेल्या बारीक रेषा खाचेच्या तळाशीही शाबूत राहतात. आमच्या कपावर डागांच्या शेजारी त्या रेषा स्वच्छ दिसत होत्या आणि डागांच्या आत पूर्णपणे पुसल्या गेल्या होत्या. धातू दबला नव्हता, तो घासून निघून गेला होता. मिस्त्रींचा हातोडा या आरोपातून सुटला, जरी कप पितळी ड्रिफ्टने किंवा प्रेसवरच बसवावेत हे त्यांना नंतर सांगितले ते सांगितलेच.

तिसरा संशय उभ्या गाडीतील गंजाचा. वर्षानुवर्षे शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत ओलावा रोलरांच्या कडेला साचतो आणि रोलरांच्या अंतरानेच गंजाच्या रेघा उठतात. दिसायला हे सर्वांत फसवे. पण जुनी बेरिंगे या प्रवासाच्या आधीच काढून टाकलेली होती आणि नवी बेरिंगे ओलावा धरण्याइतकी उभी राहिलीच नव्हती.

उरला तो प्रवास. जीप ट्रेलरवर चढवताना मालकांच्या भाच्याने मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात डाव्या चाकाचा व्हॉल्व्ह घड्याळातील आठच्या जागी दिसतो. म्हणजे जाताना चाकाचा जो भाग तळाला होता, तो व्हॉल्व्हपासून ६० अंशांवर होता. हबवरील रंगाच्या खुणेपासून त्याच दिशेने मोजले तेव्हा खोल कमानीचा मध्य तिथेच आला. उथळ कमान परतीच्या प्रवासाची असणार. परतीचे छायाचित्र उपलब्ध नाही, त्यामुळे तो भाग अनुमानाचा राहतो, परंतु दोन प्रवास आणि दोन कमानी यांचा मेळ इतका सरळ आहे की दुसरे स्पष्टीकरण शोधण्याची गरज भासत नाही.

चाक न फिरता बेरिंग कसे झिजते

या बिघाडाला खोटे ब्रिनेलिंग म्हणतात आणि तो मुळातच मोटारींच्या वाहतुकीतून ओळखीचा झाला. अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेने दूरवर पाठवल्या जात, तेव्हा ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच त्यांची चाकांची बेरिंगे खराब झालेली आढळत. जनरल मोटर्समधील संशोधक आल्मेन यांनी १९३७ मध्ये याविषयी लिहिले. वाहतुकीचे अंतर जितके जास्त तितकी झीज जास्त, आणि कोणत्या ऋतूत गाडी पाठवली यावरही ती अवलंबून, असे त्यांना दिसून आले.

फिरत्या बेरिंगमध्ये रोलर पुढे सरकताना स्वतःबरोबर तेलाचा पातळ थर ओढत नेतो आणि धातू धातूला टेकत नाही. चाक उभे असताना त्याला अगदी सूक्ष्म हेलकावे बसत राहिले तर रोलर जागच्या जागी पुढेमागे होतो, स्पर्शाच्या पट्टीतले तेल बाजूला ढकलले जाते, आणि रोलर त्या पट्टीच्या बाहेर कधी जातच नसल्यामुळे तेल परत आत येण्यास वाव मिळत नाही. मग धातूचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. तुटलेले कण हवेशी संयोग पावून तांबूस फेरिक ऑक्साइड बनतात, आणि हा ऑक्साइड कठीण असल्यामुळे घासकागदाचे काम करतो. ग्रीसच्या विटकरी रंगाचे कारण हेच होते.

हा हेलकावा किती सूक्ष्म असतो ते या जीपच्या मापांवरून काढता येते. तिच्या ६.००-१६ टायरची जमिनीपासूनची त्रिज्या सुमारे ३४ सेंटिमीटर आहे. ट्रेलरच्या फळीवर टायर केवळ ०.६ मिलिमीटर पुढेमागे झाला तरी चाक ०.१ अंश फिरते, आणि तेवढ्यात कोनाच्या पृष्ठावर रोलर सुमारे अडीच शतांश मिलिमीटर सरकतो. भाराखालील रोलराची स्पर्शपट्टी याहून रुंद असते. माणसाच्या डोळ्याला चाक पूर्ण स्थिर दिसते, आणि आत रोलर एकाच पट्टीवर घासत असतो. येथे एक उलटे तत्त्व लागू पडते : चाक थोडे अधिक हलले असते, एखाद्या रोलराच्या अंतराएवढे जरी सरकले असते, तरी हानी फार कमी झाली असती.

कंपन कोठून आले याचेही उत्तर मार्गात आणि ट्रेलरमध्ये आहे. गावापासून कारंज्यापर्यंतचा रस्ता काळ्या मातीवरचा. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती वरचे डांबर कधीच सपाट राहू देत नाही. कारंज्याहून पुढे समृद्धी महामार्गाचा मोठा टप्पा आहे, आणि या रस्त्याला दोष देता येणार नाही, कारण तो गुळगुळीतच आहे. मात्र सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यात साधारणतः ४.५ मीटरवर सांधे असतात. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रेलरला दर सेकंदाला पावणेचार सांधे लागतात आणि १०० किलोमीटरमध्ये बावीस हजारांहून अधिक. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी निदान अधूनमधून जोरात हलते आणि रोलर जागा बदलतात. काँक्रीटवरची बारीक, एकसुरी थरथर तेवढीही उसंत देत नाही. त्यातच ट्रेलर दोन टनांहून अधिक वजनासाठी बांधलेला होता आणि जीप जेमतेम टनभराची. पाटे वाकण्याइतका भारच नव्हता, म्हणून रस्त्याचा प्रत्येक धक्का फळीपर्यंत जसाच्या तसा पोचला. टायरांत नेहमीपेक्षा जास्त हवा भरली होती, ही आपल्याकडची सवयच आहे, आणि तिनेही धक्के मऊ होण्याचा शेवटचा मार्ग बंद केला.

थंडीचा वाटाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. हिवाळ्यात विदर्भात रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत आणि त्याखालीही उतरतो. प्रवास रात्रीचा होता. घट्ट झालेल्या ग्रीसमधून तेल पाझरून स्पर्शाच्या जागी परत येण्याचा वेग तेवढ्याने आणखी मंदावतो.

पुढचीच चाके का

मागच्या चाकांत गुरगुर नव्हती आणि हाताला खटकेही लागले नाहीत. याचे कारण या जीपच्या रचनेत आहे, आणि हा भाग जीप बाळगणाऱ्यांनी विशेष वाचावा. विलीसचा हँडब्रेक चाकांच्या ड्रमवर काम करत नाही. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या आणि मागच्या आसांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या आसाकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर बसतो. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकला की मागची चाके शाफ्टमार्फत अडतात, दातांमधील आणि युनिव्हर्सल जॉइंटमधील थोडी ढिलाई सोडली तर. जीप टू-व्हील ड्राइव्हमध्ये ठेवली असल्यास पुढच्या आसाशी या ब्रेकचा काहीही संबंध उरत नाही. चालकाने हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि गाडी पक्की झाली असे मानले, परंतु पुढची दोन्ही चाके प्रवासभर मोकळीच होती.

बांधणी चॅसिसला केली होती. चॅसिसच्या पुढे आलेल्या टोकांना, म्हणजे शिंगांना, साखळ्या आणि मागच्या हुकाला पट्टे घालून जीप पाट्यांवर खाली खेचली होती, ज्यामुळे बेरिंगवरचा स्थिर भार वाढला. पुढे रस्त्यावर पाटे दबले की साखळ्या ढिल्या पडत आणि ताण येई तेव्हा पुन्हा आवळत, अशी गाडी आसासह सूक्ष्म पुढेमागे होत राहिली. डाव्या बाजूची साखळी कारंज्याजवळ सैल आढळली होती असे चालकाने नंतर सांगितले. डाव्या चाकातील कमान खोल असण्याशी ते जुळते. ठोकळे फक्त मागच्या चाकांना लावले होते.

डाग पाहून मिस्त्रींनी जे सांगितले ते नोंदवण्याजोगे आहे. असेच डाग त्यांनी याच जीपांच्या किंगपिनच्या, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिच्या, लहान बेरिंगांत अनेकदा पाहिले होते, आणि जुन्या जीपचे स्टिअरिंग मध्यावर येऊन अडते ते त्यामुळेच, हेही त्यांना ठाऊक होते. किंगपिन कधी पूर्ण फिरतच नाही, सरळ रस्त्यावर तो जागच्या जागी थरथरतो, म्हणून तिथे हा प्रकार चालत्या गाडीतही होतो. चाकाचे बेरिंग मात्र फिरण्यासाठीच असते, त्यामुळे तोच डाग तिथे दिसल्यावर त्यांचे मन त्या कारणाकडे वळले नाही. या भागातील जिनिंगमध्ये राखीव मोटारीचा शाफ्ट अधूनमधून हाताने फिरवून ठेवण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागेही हीच भीती असते. शेजारच्या चालत्या यंत्रांच्या कंपनाने बंद मोटारीचे बेरिंग खराब होते.

काय केले

दोन्ही हबांतील चारही बेरिंगे, कप आणि कोन जोडीने, बदलली. जुना कोन नव्या कपात चालवून पैसे वाचवण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळावा, कारण डाग दोन्ही पृष्ठांवर आणि रोलरांवरही असतात. नट चाक जड फिरेपर्यंत आवळून सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घेतला आणि लॉक वॉशर वाकवून दुसरा नट कसला. वाहतुकीसाठी नट अधिक घट्ट करावा असे एकाने सुचवले होते. घट्ट बेरिंगमध्ये स्पर्शाचा दाब वाढतो आणि हेलकावा थांबत नाही, शिवाय उतरवल्यावर कोणी नट पुन्हा सैल करायला विसरले तर हब तापून जातो, म्हणून ती सूचना स्वीकारली नाही.

खरा बदल बांधणीत करायचा होता. पुढच्या खेपेसाठी असे ठरले की चॅसिसऐवजी चारही टायरांवरून रॅचेटचे पट्टे घालायचे, प्रत्येक चाकाच्या पुढे आणि मागे ठोकळे घट्ट खिळवायचे, आणि ट्रान्सफर केस फोर-व्हील लोमध्ये ठेवून पहिला गिअर टाकायचा, जेणेकरून पुढचा आसही हँडब्रेकच्या ताब्यात येईल. चॅसिसची साखळी केवळ सुरक्षेसाठी राहील, पाटे दाबण्यासाठी नव्हे. टायरांत नेहमीइतकीच हवा ठेवायची. आसाखाली लाकडी घोडे देऊन चाकांवरचा भारच काढून टाकणे हा बेरिंगच्या दृष्टीने सर्वोत्तम उपाय आहे, परंतु उघड्या ट्रेलरवर, घाटात, तो सुरक्षितपणे करण्याची साधने आपल्याकडे सहसा नसतात, आणि बेरिंग वाचवताना गाडी उलटणे परवडणारे नाही. वाटेत पट्टे सोडून चाके थोडी फिरवावीत असाही सल्ला दिला जातो. सपाट आणि बंदिस्त आवारात मुक्काम असेल तर तो पाळावा, महामार्गाच्या कडेला मुळीच पाळू नये.

हा विषय एका जीपपुरता राहणार नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, आणि तशी नोंदणी झालेले वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. अशा गाड्या ट्रेलरवरूनच अधिक फिरणार. या मालकांचाही तसाच विचार चालू आहे.

पुढच्या हिवाळ्यात जीप नव्या पद्धतीने बांधून नागपूरला नेली आणि परत आल्यावर डावा हब पुन्हा उघडला. ग्रीस स्वच्छ होते आणि भिंगाखाली कपावरील घासणीच्या रेषा परिघभर अखंड होत्या. नागपूरचे अंतर पुण्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे, त्यामुळे पद्धत सिद्ध झाली असे यावरून म्हणता येत नाही. लांबच्या खेपेनंतर हब पुन्हा उघडावा लागेल. मागच्या आसाची बेरिंगे तेव्हा आवाज नसल्याने उघडली नव्हती, तीही त्याच वेळी बघायची आहेत. दुकानदाराचे पैसे मालकांनी चुकते केले, आणि मिस्त्रींनी दुसऱ्यांदा बसवण्याची मजुरी घेतली नाही.